इग्वाना, स्लायडर कासव, सन कॉन्यूर पोपट... घरात आणायच्या आधी काय काय बघावं?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आमच्या लेकाला (आठवीत आहे) सरडे, साप, कासवं यांचं भयंकर वेड. आता त्याच्या डोक्यात हिरवा इग्वाना, म्हणजे एक मोठा सरडा, पाळायचं पक्कं बसलंय. नवऱ्याची हरकत नाही, मलाही प्राण्यांची भीती नाही. ओळखीतल्या ओळखीतून एकाने पिल्लू दाखवलं, हिरवंगार, इवलंसं. तो म्हणाला, काही लागत नाही हो ताई, पालेभाजी खातो, उन्हात बसतो, कुत्र्यासारखं खाली फिरवायची कटकट नाही. इतकं सोपं असेल यावर माझा काही विश्वास बसत नाहीये. दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट, पूर्वेकडे गॅलरी. कुणी पाळलाय का? खाणं, खर्च, डॉक्टर, कायदा, जे माहीत असेल ते मोकळेपणाने लिहा.

पाणकोंबडी

मृण्मयीताई, आणायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक पिल्लू घरी आल्यावर विचारतात. माझ्याकडे दोन मोठे इग्वाना आहेत, दोन्ही लोकांना नकोसे झाले म्हणून माझ्याकडे आलेले, दोघांची नोंदणी आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी आकार. ते इवलंसं पिल्लू नीट सांभाळलं तर तीन-चार वर्षांत शेपटीसकट पाच फुटांच्या आसपास जातं. आयुष्य चांगली निगा असेल तर पंधरा ते वीस वर्षं. म्हणजे लेकाची बारावी, कॉलेज, नोकरी सगळं होईल, तो परगावी जाईल आणि इग्वाना तुमच्या घरात असेल, त्यामुळे "मुलासाठी घेतोय" हा हिशोब इथे चालत नाही, तुम्हा दोघांना स्वतःला तो हवाय का ते आधी ठरवा. मोठ्या इग्वानाला साधारण सहा फूट उंच, सहा फूट लांब, तीन फूट रुंद पिंजरा लागतो. मुळात झाडावर राहणारा प्राणी, उंची नसेल तर तो सतत घाबरलेला राहतो. दुकानात मिळणारी काचेची टाकी पहिल्या वर्षातच अपुरी पडते.

दुसरं ऊन. गॅलरीची काच बंद असेल तर त्या उन्हाचा काही उपयोग नाही, कारण त्याला हाडांसाठी जो यूव्हीबी (उन्हातला अतिनील किरण) लागतो तो काचेतून येतच नाही. घरात ठेवायचा तर यूव्हीबी ट्यूब लावावी लागते, आणि ती ट्यूब डोळ्यांना लख्ख पेटलेली दिसत असली तरी तिच्यातला यूव्हीबी आधीच उतरलेला असतो, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायचीच. शेकत बसायच्या जागी ३५ अंशांच्या आसपास, आणि सावलीच्या कोपऱ्यात २६-२७. आपल्या पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट हवाच. दुकानदार "गरम दगड" गळ्यात मारतात तो अजिबात घेऊ नका, पोट भाजतं आणि प्राण्याला कळतही नाही.

तिसरं खाणं. "पालेभाजी खातो" हे अर्धवट आहे. पालक रोज दिला की त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. माझ्याकडे शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लसूणघास, लाल भोपळा, दुधी, फरसबी, कधीतरी पपई असं चालतं. वरून कॅल्शियमची पूड. अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं देणारे लोक मी बघितलेत, "लवकर वाढतो" म्हणून देतात. हा पूर्ण शाकाहारी प्राणी आहे, त्या प्रोटीनने किडनी जाते.

आणि ज्याला बघत बसायला आवडतं त्याच्यासाठी हा प्राणी खरंच सुंदर आहे, ते पण लिहिते. सकाळी दिवा लागला की आमची मोठी मादी फांदीवर चढते, पोट सपाट पसरून बसते, रात्रभर काळपट झालेलं अंग हळूहळू उजळत जातं, आणि मग एकदम फिस्स करून शिंकते. काचेवर पांढरे ठिपके पडतात. नवीन माणसाला वाटतं सर्दी झाली, पण ते मीठ असतं, अंगातलं जादा मीठ ते नाकावाटे असं बाहेर टाकतात. पाणी वाटीतून फारसं पीत नाही, पानांवर फवारलं की थेंब चाटते. डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो तो तिसरा डोळा, त्याला चित्र दिसत नाही पण वरून सावली गेली की कळतं, म्हणून वरून हात घातला की ती दचकते. समोरून, खालून हात न्यायचा. हे सगळं शिकायला वेळ आणि शांतपणा लागतो. लाड करून घेणारा प्राणी हवा असेल तर हा तो नाही.

पशुवैद्य_सातारा

पाणकोंबडी यांनी उत्तम लिहिलंय, शब्दन् शब्द खरा आहे. मी डॉक्टरच्या बाजूने भर घालतो.

माझ्यासमोर इग्वाना येतो तो बहुतेक वेळा एकाच आजाराने, हाडांतलं कॅल्शियम गेलेलं असतं. मालक सांगतो, डॉक्टर, परवापर्यंत छान होता, मांड्या बघा किती भरल्यात. त्या मांड्या भरलेल्या नसतात. हाड विरळ होत चाललंय म्हणून शरीर त्याच्याभोवती तंतुमय ऊती रचत असतं, तीच सूज मालकाला बाळसं वाटते. खालचा जबडा दोन बोटांत धरला तर रबरासारखा दबतो. पुढची पायरी म्हणजे बोटं थरथरणं, मग झटके, मग मागचे पाय ओढत चालणं. लवकर आणला तर इंजेक्शन, औषध, प्रकाश यांनी बराच सावरतो, पण वाकलेला कणा आणि जबडा पुन्हा सरळ होत नाही. आणि या सगळ्याचं कारण एक ट्यूब लावली नाही एवढंच असतं. मला दर वेळी याचा फार त्रास होतो, कारण त्या जनावराने महिनोन् महिने निमूट सहन केलेलं असतं. सरपटणारे प्राणी दुखणं दाखवत नाहीत. खाणं बंद केलं म्हणजे आजार जुना आहे असं समजा.

मादी असेल तर अजून एक. नर नसला तरी ती अंडी धरते. खणायला ओली माती-वाळू मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात, मग ऑपरेशन. नर असेल तर वयात आल्यावर हंगामात अंगावर येतो, चावा खोल असतो, शेपटीचा फटकाही जोरात बसतो.

सर्वात महत्त्वाचं, आधी डॉक्टर शोधा आणि मग प्राणी. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पण इग्वानाला भूल देणारा, त्याचं रक्त काढणारा माणूस मोठ्या शहरातही शोधावा लागतो, तालुक्याच्या गावी तर विसरा. आणि घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर साल्मोनेला या जिवाणूचं लक्षात ठेवा, हाताळून झालं की साबणाने हात, आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये अजिबात नाही.

वऱ्हाडी_मत्स्यप्रेमी

सगळं वाचलं, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. असं भीती घालत राहिलं तर कोणी काही पाळूच नये असं होईल. मी अमरावतीत कित्येक वर्षं आफ्रिकन सिक्लिड पाळतोय, ब्रीडही करतो, अभ्यास करून पाळणारे लोक आहेत ना भाऊ. घरी प्राणी असणाऱ्या पोरांना जीवशास्त्र पुस्तकाबाहेर कळतं. प्रश्न प्राण्याचा नाही, विकणाऱ्याचा आहे, तो खोटं सांगतो.

आमच्या भागातलं उदाहरण देतो, अ‍ॅक्सोलॉटल, पाण्यातच राहणारा उभयचर. हा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को तलावातला प्राणी, तिथे आता जवळपास संपत आलाय, बाजारात मिळतात ते सगळे पैदास केलेले. त्याला पाणी लागतं १६ ते १८ अंश. २४च्या वर गेलं की ताण, बुरशी, खाणं बंद. आता अमरावती-अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४५ असतं, घरातली टाकी सहज बत्तीस-तेहतीसला जाते. बर्फाच्या बाटल्या टाकून काही होत नाही, तापमान वरखाली होऊन उलट जास्त बिघडतं. चिलर लागतो, आणि चिलर प्राण्यापेक्षा कितीतरी महाग. ऑनलाइन विकणारा हे एक अक्षर बोलत नाही, फक्त हसरा चेहरा दाखवतो. ज्याची चिलरची तयारी आहे त्याने जरूर पाळावा, बाकीच्यांनी हात जोडून सांगतो, घेऊ नका.

पशुवैद्य_सातारा

वऱ्हाडी दादा, तुमच्याशी सहमत आहे, पाळूच नये असं माझं म्हणणं नाही. तुमच्यासारखा पाण्याचा अंशन् अंश मोजणारा माणूस असेल तर प्राणी सुखात राहतो. पण मला भेटणाऱ्यांत तसे फार थोडे.

कायदाप्रेमी_नाशिक

कायद्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वकिली करतो, हा विषय बघतो.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, आपले देशी प्राणी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणारा प्राणी घरात ठेवताच येत नाही, विकत घेतला, सापडला, कुणी भेट दिला, काहीही असो. स्टार कासव म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते, सर्रास "लकी" म्हणून विकतात, ते कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि २०१९पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टातही. शेड्यूल एकच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं शिक्षा आहे.

दोन, परदेशी प्राणी. पूर्वी यांच्याकडे कायदा बघतच नव्हता. २०२० साली केंद्राने लोकांना आपणहून माहिती देण्याची योजना आणली, मग २०२२ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे, आणि साइट्समधले प्राणी नव्या शेड्यूल चारमध्ये आले. फेब्रुवारी २०२४मध्ये नोंदणीचे नियम आले. असा प्राणी ताब्यात असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी करायची. सुरुवातीला सहा महिन्यांची मुदत होती, त्यानंतर नवीन प्राणी घेतला तर ताब्यात आल्यापासून तीस दिवस. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली, मेला, तेही कळवायचं असतं.

हिरवा इग्वाना साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे नोंदणी लागते. मृण्मयीताई, त्या माणसाला एकच प्रश्न विचारा, या पिल्लाच्या आईबापांची नोंदणी दाखव. "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमधून इग्वाना, अजगर, माकडं, कासवं किती वेळा पकडली गेलीत ते पेपरात वाचलं असेल. मोज्यांत, डब्यांत कोंबलेले असतात, बरेच वाटेतच मरतात. बिनकागदाचं पिल्लू घेणं म्हणजे पुढच्या बॅगेचे पैसे आपण भरणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अनघा७

कायदाप्रेमी, मग पोपटाचं काय? आमच्या आजोळी पिंजऱ्यात मिठू असायचाच, अजूनही गावाकडे कितीतरी घरांत आहे. आणि आमच्या सोसायटीत एकांकडे लव्हबर्ड्स आहेत, त्यांनाही नोंदणी?

कायदाप्रेमी_नाशिक

अनघाताई, आपला हिरवा पोपट, लाल-काळ्या कंठाचा, तो देशी आणि संरक्षित. पाळणं, विकणं दोन्ही बेकायदा, घराघरात असला तरी. उलट ज्यांना सगळे लव्हबर्ड्स म्हणतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात, ऑस्ट्रेलियातले. बजरीगर आणि कॉकाटील साइट्सच्या यादीतून वगळलेत, त्यांना नोंदणी लागत नाही. सन कॉन्यूर, मकाव, काकाकुवा यांना लागते. आफ्रिकन ग्रे तर २०१७पासून पहिल्या परिशिष्टात, त्याची पैदास करायलाही परवाना हवा.

पाणकोंबडी

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर एक अगदी कळकळीचं. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतात, आपल्याला वासही येत नाही. पक्षी असलेल्या घरात डोसे बिडाच्या तव्यावरच करा. आणि नुसत्या सूर्यफुलाच्या बिया देऊ नका, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतं. गाजर, शिमला मिरची, कोथिंबीर, शेवगा द्या.

स्नेहल_फ्लोरिडा

मी मूळची सांगलीची, आता दक्षिण फ्लोरिडात. इथे इग्वाना कुंपणावर, कालव्याच्या काठावर, लोकांच्या स्विमिंग पूलमध्ये, सगळीकडे आहेत. मूळचा इथला नाही, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. जहाजांतून आलेले आणि लोकांनी पाळून सोडून दिलेले, आता लाखमोलाच्या समुद्रभिंतींखाली बिळं करून भिंती खचवतायत. थंडीची लाट आली आणि पारा चार-पाच अंशांवर गेला की बधिर होऊन झाडावरून टपाटप खाली पडतात, हवामान खातं तसा इशाराच देतं. २०२१मध्ये राज्याने इग्वानाला प्रतिबंधित यादीत टाकलं, ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना मायक्रोचिप बसवून परवानगी घ्यायला लावली.

पण इथली एक गोष्ट मला मनापासून आवडते. सरकारचा उपक्रम आहे, ज्याला आपला परदेशी प्राणी सांभाळणं जमत नाही त्याने तो आणून द्यायचा, दंड नाही, जाब नाही, दुसरं पात्र घर शोधून देतात. आपल्याकडे असं काही हवं असं फार वाटतं. लोकांना पकडले जायची भीती असते म्हणून रात्री तळ्यावर जाऊन सोडून येतात.

सर्पमित्र_मिरज

स्नेहलताई, सोडून देण्याचं तुम्ही लिहिलंत ते इकडे डोळ्याने बघतोय. मला कॉल येतात "अजगराचं पिल्लू निघालंय", जाऊन बघतो तर बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेतला. आपला अजगर आणि हा, नवख्याला फरक कळत नाही. बॉल पायथन आखूड, जाड, मोठा झाला तरी चार-पाच फूट, घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होऊन बसतो. एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये असाच गोळा होऊन मीटरबॉक्सखाली बसलेला होता, अंगावर जुनी कात चिकटून वाळलेली, डोळ्यांवरसुद्धा कातीचे थर. हवेत ओलावा नसला की असं होतं. धड दिसत नव्हतं त्याला. कुणी मालक पुढे आला नाही. वनखात्याला कळवून रीतसर सुपूर्द केला.

हा साप रानात सोडता येत नाही. इथल्या सापांना माहीत नसलेले रोग तो घेऊन येऊ शकतो. त्यामुळे सगळ्यांना विनंती, असा कुठलाही प्राणी दिसला तर स्वतः हात घालू नका, मारू नका, १९२६ या वनविभागाच्या नंबरवर फोन करा.

रानवाटा

आमच्याकडे रोजची डोकेदुखी म्हणजे लाल कानाचं कासव, रेड इअर्ड स्लायडर. दीड-दोन इंचाचं असताना फिशटँकच्या दुकानात प्लास्टिकच्या ताडाच्या झाडाखाली ठेवून विकतात, घरात बरकत येते म्हणून लोक नेतात. मादी जवळजवळ फूटभर होते आणि तीस वर्षं जगते. अमेरिकेत तर चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला १९७५पासून बंदी आहे, लहान मुलांना साल्मोनेला होत होता म्हणून. आपल्याकडे पाण्याला वास येतो म्हणून कंटाळतात आणि गावच्या तळ्यात, देवळाच्या कुंडात, नदीत सोडतात, वर पुण्य मिळालं असं समजतात. ते आपल्या देशी कासवांची उन्हात बसायची जागा, खाणं, सगळं बळकावतं. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे.

ओळखायचं कसं तर डोळ्यामागे लाल पट्टा. पट्टा नसेल तर ते देशी असण्याची शक्यता मोठी, मग ते घरात ठेवणंच गुन्हा.

मासेही तसेच. टँकची काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा मोठा झाला की नदीत. उजनीच्या पाण्यात तो आता जाळ्यात येतो, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला कुणी विचारत नाही, आणि नुकसान कोळी बांधवांचं. २०२३मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला, तो उत्तर अमेरिकेतला मासा, पोहत तर आला नसणार ना.

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकाला शेजारी बसवून पूर्ण धागा वाचायला लावला. त्या माणसाला नोंदणीचं विचारलं, त्याने उत्तर द्यायचंच बंद केलं. आम्ही इग्वाना घेत नाही आहोत. लेक दोन दिवस फुरंगटून होता, पण डॉक्टरांनी जबड्याचं लिहिलंय ते वाचल्यावर स्वतःच नको म्हणाला. आता त्याचं वेड जिवंत ठेवायला काय करू ते सांगा.

रानवाटा

ताई, अहो त्याला सातारच्या चाळकेवाडीच्या पठारावर न्या, एप्रिल-मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत. तिथे सरडा सुपर्बा नावाचा सरडा आहे, २०१६मध्ये शास्त्रीय वर्णन झालं. पवनचक्क्यांच्या खाली दगडावर नर चढून बसतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो, निळा, काळा, केशरी. दुसरा नर दिसला की मान वर करून फटाफट उघडझाप. पंधरा-वीस फुटांवर बसून दुर्बीण लावायची, दगड उलटायचे नाहीत, उचलायचं तर नाहीच. पावसाळ्यात आंबोली करा, रात्री बेडूक. आणि रोजच्यासाठी कात्रजचं सर्पोद्यान आहेच की हाकेच्या अंतरावर. निरीक्षणाची वही ठेवायला सांगा, तारीख, वेळ, तापमान, काय करत होता.

पाणकोंबडी

आणि ताई, त्याची परीक्षा झाली की आमच्याकडे या. पिंजरा साफ करणं, पाला निवडणं, तापमान लिहिणं, सगळं करू देईन. हाताळायला मात्र लगेच देणार नाही, आधी तिला त्याची सवय होऊ दे.

गौरी_डोंबिवली

धागा वाचून पोटात गोळा आलाय. माझ्या भावाने मागच्या वर्षी सन कॉन्यूर आणलाय, नोंदणीचं त्याला काहीच माहीत नव्हतं, दुकानदाराने साधी पावतीही दिली नाही. पक्षी अगदी ठणठणीत आहे, भाऊ जीव लावतो त्याला. आता अर्ज केला तर पक्षी घेऊन जातील का? गप्प बसावं का?

कायदाप्रेमी_नाशिक

गौरीताई, गप्प बसू नका. मुदत टळली आहे हे खरं, त्यामुळे काहीच होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही, पण स्वतःहून कळवलेलं आणि तक्रारीवरून सापडलेलं यात खूप फरक असतो. कॉन्यूर ओरडतो भरपूर, सोसायटीत कुणीतरी कधीतरी तक्रार करणारच. भावाला सांगा, पक्ष्याचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा, पायात रिंग असेल तर तिच्यावरच्या नंबरचा वेगळा फोटो, पैसे ऑनलाइन दिले असतील तर तो व्यवहार, दुकानदाराशी झालेले मेसेज, डॉक्टरकडे नेलं असेल तर ती चिठ्ठी, सगळं एका जागी ठेवा. मग वन्यजीव विभागाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात एक साधा लेखी अर्ज द्या, कधी, कुठून, कितीला घेतला ते खरं खरं लिहा, आणि पोच घ्या. त्यांनी सांगितलं की पोर्टलवर भरा. मागची तारीख टाकून पावती "बनवून" घेऊ नका, कुणी कितीही सुचवलं तरी. अर्जाचा मसुदा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, बघून देतो.

गौरी_डोंबिवली

खूप धन्यवाद दादा. आत्ताच भावाला फोन केला, पायात रिंग आहे म्हणतोय, नंबर पुसट झालाय. उद्या उजेडात फोटो काढून पाठवते.